विंडोज ७ वरचा बॅकअप नीट कसा लावायचा: सांगलीतल्या एका डीटीपीवालीच्या नोंदी

माझ्या दुकानातला संगणक आजही विंडोज ७ वर चालतो. मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० ला त्याचा सपोर्ट बंद केला हे मला माहीत आहे. भाचा दर दिवाळीला आठवण करून देतो. पण पानं मांडायचं सॉफ्टवेअर पेजमेकर ७, त्याच्या जोडीचे जुने मराठी फॉन्ट, पतसंस्थांचे अहवाल, पत्रिकांचे शेकडो नमुने, सगळं त्या यंत्रात मुरलंय. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "ताई, थोरलीच्या लग्नाची पत्रिका केली होती ना, तशीच धाकटीची करा, फक्त नावं बदला." थोरलीचं लग्न २०१४ सालचं. ती फाइल उघडायला हवी, आणि अक्षर न हलता उघडायला हवी. म्हणून यंत्र जुनं ठेवलंय.

बॅकअप आधीपासून लावलेला होता. तो चुकीचा लावला होता, हे कळायला ऑगस्ट २०१९ उजाडावा लागला.

त्या आठवड्यात आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५ फूट. गणपती पेठेतल्या आम्ही सगळ्यांनी २००५ च्या पुराची खूण धरून सामान वर चढवलं होतं. मीही सीपीयू टेबलावर, टेबलाखाली दोन-दोन विटा, असा बंदोबस्त करून शटर ओढलं. पाणी २००५ ची खूण ओलांडून गेलं आणि टेबलासकट सगळं बुडालं. बाहेरची हार्ड डिस्क तेवढी वाचली. त्यात माझी हुशारी काही नव्हती. भाच्यानं पिक्चर भरून घ्यायला ती तीन आठवड्यांपूर्वी विश्रामबागेतल्या घरी नेली होती आणि परत आणायला विसरला होता.

दिवस पतसंस्थांच्या अहवालांचे. सप्टेंबरअखेर सगळ्यांच्या वार्षिक सभा, त्यामुळे ऑगस्टमध्ये आमच्याकडे श्वास घ्यायला उसंत नसते. मिरजेतून जुना संगणक घेतला, त्यावर विंडोज ७ टाकलं, डिस्क लावली. डेस्कटॉपवर ठेवलेले तीन अहवाल परत आले तेव्हा देवासमोर साखर ठेवली. मग डी ड्राइव्हवरचं 'काम' नावाचं फोल्डर शोधायला लागले. ते बॅकअपमध्ये नव्हतंच, एकही फाइल नाही. आणि जे अहवाल आले होते, तेही उघडले तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी, कारण फॉन्ट आलेच नव्हते.

चूक माझी होती. सेटिंगच्या पानावर मी न वाचता 'नेक्स्ट' दाबत गेले होते. खाली जे लिहितेय ते त्या पानांवर आता काय निवडते, त्याबद्दल.

पान कुठं असतं

स्टार्ट, मग कंट्रोल पॅनल, मग सिस्टीम अँड सिक्युरिटी, त्यात 'बॅक अप युअर कॉम्प्युटर'. जे पान उघडतं त्याचं नाव 'बॅकअप अँड रिस्टोअर'. मला एवढं फिरायचा कंटाळा येतो. मी विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबते आणि चौकटीत इंग्रजीत एस डी सी एल टी ही पाच अक्षरं टाइप करून एंटर मारते. थेट तिथंच जातं.

यापूर्वी कधीच बॅकअप लावला नसेल तर उजवीकडं 'सेट अप बॅकअप' दिसेल. आधी कुणी लावून ठेवला असेल तर त्याच जागी 'चेंज सेटिंग्ज' असतं. दोन्हींतून पुढं तेच प्रश्न येतात, त्यामुळे जुनं लावलेलं असलं तरी एकदा 'चेंज सेटिंग्ज'मध्ये शिरून प्रत्येक पान डोळ्यांखालून घाला. दुकान विकत घेताना मागच्या मालकानं लाइटचं मीटर कसं ठेवलंय ते आपण बघतोच की.

कुठं ठेवायचा

पहिला प्रश्न: बॅकअप कुठं ठेवू? समोर ड्राइव्हची यादी येते आणि तिच्यात बहुतेक वेळा तुमचा डी ड्राइव्हही असतो. तो निवडू नका. आपल्याकडं असेंबल केलेल्या संगणकात एकाच हार्ड डिस्कचे सी, डी, ई असे वाटे पाडलेले असतात. नावं तीन, पण आत फिरणारी चकती एकच. ती गेली की तिन्ही जातात. विंडोज तसं खाली पिवळ्या खुणेसह सांगतंही, की हा ड्राइव्ह सिस्टीमच्याच डिस्कवर आहे. पण पिवळी खूण आपण रस्त्यावरच्या सिग्नललाही जुमानत नाही.

म्हणजे बाहेरची यूएसबी हार्ड डिस्क हवी. मी एक टीबीची वापरते आणि माझ्या कामाला ती खूप झाली. जुन्या यंत्राला फार मोठी डिस्क लावायच्या भानगडीत पडू नका; दोन टीबीच्या वरच्या काही डिस्कांवर विंडोज ७ पूर्ण सिस्टीमची प्रत घेताना अडतं. फुलं कितीही चांगली असली तरी परडी आपल्या हातात मावेल एवढीच घ्यावी, असं आमची आजी म्हणायची.

डिस्क लावलीत की आधी 'कॉम्प्युटर' उघडून तिच्यावर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये जा आणि 'फाइल सिस्टीम'च्या पुढं काय लिहिलंय ते बघा. फाइल सिस्टीम म्हणजे डिस्कवर फायली मांडायची पद्धत. तिथं एनटीएफएस हवं. माझ्या डिस्कवर फॅट ३२ होतं, कारण टीव्हीला लावून पिक्चर बघता यावेत म्हणून भाच्यानं ती तशी करून घेतली होती. फॅट ३२ वर साध्या फायलींचा बॅकअप होतो, त्यामुळे इतकी वर्षं संशय आला नाही. पण सिस्टीम इमेज, म्हणजे सी ड्राइव्हची जशीच्या तशी प्रत, फक्त एनटीएफएस डिस्कवरच ठेवता येते. ती कधी झालीच नव्हती. झाली असती तर फॉन्ट तिच्यात सापडले असते. डिस्क एनटीएफएस करायला राइट क्लिकमधून फॉरमॅट करावी लागते आणि तिच्यावरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी पिक्चर ज्याचे त्याला देऊन टाका.

त्याच पानावर 'सेव्ह ऑन अ नेटवर्क' असं बटण दिसलं तर तुमच्याकडं प्रोफेशनल किंवा त्याच्या वरची आवृत्ती आहे. होम प्रीमियमला नेटवर्कवर बॅकअप ठेवता येत नाही. माझ्या दुकानात दुसरा संगणकच नाही, त्यामुळे मी त्या वाटेला गेले नाही.

काय काय घ्यायचं: इथं घाई करू नका

पुढच्या पानावर दोनच पर्याय. 'लेट विंडोज चूज', म्हणजे विंडोजला ठरवू दे. त्याच्यापुढं 'रेकमेंडेड' असं लिहिलेलं असतं. आणि खाली 'लेट मी चूज', मी ठरवते.

विंडोजला ठरवू दिलं की ते तुमच्या लायब्ररीतल्या फायली घेतं, म्हणजे डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज. शिवाय डेस्कटॉप आणि विंडोजची ठरलेली काही फोल्डरं. डिस्क एनटीएफएस असेल आणि तिच्यावर जागा असेल तर सिस्टीम इमेजही घेतं. बस्स. डी ड्राइव्हवर तुम्ही स्वतःच्या हातानं केलेलं फोल्डर त्यात येत नाही, कारण तिथं तुमचं पोटपाणी आहे हे विंडोजला कोण सांगणार? आणि आपल्याकडची रीत तर अशीच: "सी वर काही ठेवू नका, फॉरमॅट मारला की जातं, सगळं डी वर ठेवा." संगणक बसवून देणारा पोरगा पहिल्या दिवशी हेच सांगून जातो. सल्ला खोटा नाही. पण तो पाळणाऱ्यानं बॅकअप विंडोजवर सोडला की माझ्यासारखी गत होते.

टॅलीवाल्यांनीही इथं लक्ष द्या. माझ्या शेजारच्या कर सल्लागारांचा टॅली ईआरपी ९ चा डेटा थेट सी ड्राइव्हवर टॅलीच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये आहे. तो डॉक्युमेंट्समध्ये नाही, म्हणजे लायब्ररीत नाही, म्हणजे 'लेट विंडोज चूज'मध्ये नाही. तुमचा डेटा कुठं आहे ते टॅलीत कंपनी निवडायच्या पडद्यावर दिसतं. तो रस्ता कागदावर लिहून घ्या आणि मग इथं या.

तर 'लेट मी चूज' निवडा. आता झाडासारखी यादी उघडते. वरच्या भागात 'डेटा फाइल्स', त्यात प्रत्येक वापरकर्त्याची लायब्ररी. त्यांवरच्या टिका तशाच राहू द्या. खाली 'कॉम्प्युटर', त्यात ड्राइव्ह. डीच्या डावीकडचा छोटा त्रिकोण दाबलात की आतली फोल्डरं दिसतात. हव्या त्या फोल्डरवर टिक करा. मी अख्ख्या डीवर टिक करत नाही, कारण तिथं सीडीवरून उतरवलेली सॉफ्टवेअरं आणि भाच्याचे खेळही आहेत. 'काम', 'पत्रिका', 'अहवाल', 'फोटो' एवढी चार फोल्डरं घेते, मिळून ४२ जीबी.

सर्वांत खाली एक वेगळी चौकट असते: 'इन्क्लूड अ सिस्टीम इमेज ऑफ ड्राइव्ह्ज', पुढं सिस्टीम रिझर्व्ह्ड आणि सी अशी नावं. तीवर टिक ठेवा. तिच्याबद्दल पुढं बोलते.

आता फॉन्ट. ते विंडोजच्या फोल्डरात बसलेले असतात, आणि विंडोजची स्वतःची फोल्डरं आणि बसवलेले प्रोग्राम फायलींच्या बॅकअपमध्ये येत नाहीत, तुम्ही अख्खा सी ड्राइव्ह टिक केलात तरी. यावर माझा उपाय साधा आहे. कंट्रोल पॅनलमधून फॉन्ट्सचं फोल्डर उघडलं, मराठीचे सगळे निवडले, कॉपी केले आणि डी ड्राइव्हवरच्या 'काम' फोल्डरमध्ये 'फॉन्ट' नावाच्या फोल्डरात पेस्ट केले. नवीन फॉन्ट आला की तिथंही एक प्रत जाते. युनिकोडमध्ये काम करणाऱ्यांना ही कटकट कळायची नाही. त्यांचा मजकूर फॉन्ट नसला तरी मराठीच राहतो. आमच्या जुन्या फॉन्टात अक्षराचा कोड इंग्रजीचा आणि वर चेहरा मराठीचा. फॉन्ट काढला की मुखवटा गळून पडतो. मिरजेतल्या एका जुन्या डीटीपीवाल्यानं पेनड्राइव्हवर फॉन्ट दिले म्हणून त्या वर्षी माझे अहवाल निघाले.

वेळापत्रक, आणि मी ते का बंद केलं

शेवटच्या पानावर सगळं एकदा वाचायला मिळतं. तिथं 'शेड्यूल'पुढं लिहिलेलं असतं: दर रविवारी संध्याकाळी ७. हे विंडोजनं स्वतःच ठरवलेलं. आता मला सांगा, गणपती पेठेत रविवारी संध्याकाळी ७ वाजता कुणाचं दुकान उघडं असतं? संगणक बंद, म्हणजे ती पाळी चुकली, पुढचा रविवार. असे महिने जातात आणि आपण म्हणत राहतो, बॅकअप लावलेला आहे.

'चेंज शेड्यूल' दाबलंत की रोज, आठवड्यातून एकदा किंवा महिन्यातून एकदा असं निवडता येतं, वार आणि वेळ बदलता येते. घरचा संगणक असेल तर आपण त्याच्यासमोर असतो ती वेळ द्या. रात्री ९, जेवणाच्या वेळेला, मालिका लागलेली असताना. चालू संगणकावर तो पाठीमागं चालत राहतो, काम थोडं जड होतं एवढंच.

मी मात्र वरची 'रन बॅकअप ऑन अ शेड्यूल'ची टिकच काढून टाकली आहे. कारण असं की वेळापत्रक ठेवायचं तर डिस्क कायम जोडून ठेवावी लागते. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा जो खंडणीखोर व्हायरस जगभर फिरला, त्यात विंडोज ७ ची यंत्रं भरपूर होती. असा व्हायरस शिरला की जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीही कुलपात टाकतो, मग बॅकअप असून नसल्यासारखा. माझा संगणक इंटरनेटला जोडलेला नाही, पण दिवसाला दहा गिऱ्हाइकांचे दहा पेनड्राइव्ह त्यात जातात, आणि प्रत्येक पेनड्राइव्ह कुठं कुठं नांदून आलेला असतो ते देवाला ठाऊक. म्हणून डिस्क पिशवीत. दर शनिवारी दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा डिस्क जोडते, पान उघडते, 'बॅक अप नाऊ' दाबते, झालं की खालच्या पट्टीतल्या यूएसबीच्या चिन्हातून डिस्क सुरक्षित काढते आणि ती संध्याकाळी माझ्याबरोबर विश्रामबागेत जाते.

दुसरं म्हणजे, शनिवार विसरण्याची सोय राहता कामा नये. मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेला पेनानं 'ब' लिहिते. हसा.

हे सगळं ठरलं की 'सेव्ह सेटिंग्ज अँड रन बॅकअप'. पहिला बॅकअप पूर्ण असतो, माझ्या यंत्राला इमेज धरून दुपार लागली. पुढच्या वेळी फक्त नव्या आणि बदललेल्या फायली घेतल्या जातात, त्यामुळे चहा होईपर्यंत उरकतं. इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसेल तर निदान तो पहिला बॅकअप लाइट जायच्या वेळेत सुरू करू नका.

झाल्यावर 'काही फायली वगळल्या' असा संदेश आला तर घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. त्यातच वगळलेल्यांची यादी उघडायची सोय असते. बऱ्याचदा कधीच्या काळी हलवलेल्या किंवा पुसलेल्या फोल्डरचं नाव असतं. पण वगळलेली फाइल कामाची असेल आणि ती उघडतानाही संगणक अडखळत असेल, तर हार्ड डिस्क खराब व्हायला लागली आहे असं समजा आणि ती फाइल त्याच दिवशी हातानं दुसरीकडं कॉपी करा.

जुन्या यंत्राची एक खोड

मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२. तो संपला की संगणक सुरू करताना तारीख कुठल्या कुठं मागं जाते. आपण टाइपिंग करत राहतो, कोपऱ्यातल्या घड्याळाकडं कोण बघतं? पण बॅकअपच्या प्रत्येक फोल्डरच्या नावात तारीख असते आणि वेळापत्रकही त्याच घड्याळावर चालतं. माझ्या मिरजेच्या यंत्रानं असे दोन बॅकअप भलत्याच सालात टाकले होते आणि ताजा कोणता हे ओळखताना नाकीनऊ आले. सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो. तो आधी बदला, तारीख लावा, मग बाकीचं.

डिस्क भरली की

फायलींचे जुने बॅकअप विंडोज आपणहून काढत नाही. डिस्क भरते आणि मग बॅकअप अडतो. तेव्हा 'मॅनेज स्पेस' उघडा. वर कशानं किती जागा घेतली ते दिसतं. 'व्ह्यू बॅकअप्स'मध्ये बॅकअप तारखांच्या टप्प्यांनी दिसतात, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत. एक टप्पा म्हणजे एक पूर्ण बॅकअप आणि त्याच्या पाठोपाठ पडलेली नव्या-बदललेल्या फायलींची भर. टप्पा पुसला की त्यातलं सगळं जातं, म्हणून सर्वांत जुना निवडायचा आणि शेवटच्याला हात लावायचा नाही. टप्पा एकच असेल तर आधी डावीकडून 'क्रिएट न्यू, फुल बॅकअप' करून घ्या, मगच जुना पुसा.

इमेजसाठी तिथंच खाली वेगळं 'चेंज सेटिंग्ज' आहे. विंडोजला जागा सांभाळू द्यायची, की फक्त शेवटची इमेज ठेवायची, असे दोन पर्याय. मी शेवटचीच ठेवते.

डिस्क उघडून हातानं साफसफाई करू नका. तिच्यावर तुमच्या संगणकाच्या नावाचं एक फोल्डर दिसेल आणि इमेजचं वेगळं. त्यांची नावं बदलली किंवा ती दुसऱ्या फोल्डरात सरकवली की विंडोजला ती ओळखू येत नाहीत.

परत आणून बघा

हा भाग मी २०१९ पर्यंत एकदाही केला नव्हता. आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी करते. 'रिस्टोअर माय फाइल्स' दाबा. 'ब्राउझ फॉर फाइल्स'नं एकेक फाइल निवडता येते, 'ब्राउझ फॉर फोल्डर्स'नं अख्खं फोल्डर. दुसऱ्यात आतल्या फायली दिसत नाहीत, त्यामुळे फोल्डर रिकामं आहे असं वाटून हाय खाऊ नका. वर 'चूज अ डिफरंट डेट' आहे, त्यातून मागच्या तारखेची फाइल मिळते. गिऱ्हाईक "आधीचंच बरं होतं" म्हणतं तेव्हा हे फार कामाला येतं.

मग ठेवायचं कुठं, हा प्रश्न. मूळ जागी की 'इन द फॉलोइंग लोकेशन', म्हणजे मी सांगेन तिथं. तपासायला म्हणून करत असाल तर नेहमी दुसरा पर्याय, डेस्कटॉपवर 'तपास' नावाचं फोल्डर करून त्यात. मूळ जागी आणलंत आणि तिथं त्याच नावाची फाइल असली तर विंडोज विचारतं. तिथं चुकून 'कॉपी अँड रिप्लेस' दाबलंत तर आजचं काम कालच्यानं झाकलं जाईल. आलेली फाइल उघडून बघा. यादीत नाव दिसलं, एवढ्यावर थांबू नका.

संगणकच बदलला असेल तर त्याच पानावर खाली 'सिलेक्ट अनदर बॅकअप टू रिस्टोअर फाइल्स फ्रॉम' असतं. डिस्क जोडून तिथून जुन्या यंत्राचा बॅकअप निवडायचा. नव्या यंत्राला डी ड्राइव्ह नसेल तर मूळ जागेचा हट्ट सोडा, वेगळी जागा द्या आणि मूळ फोल्डरांची रचना ठेवायच्या चौकटीवर टिक करा, म्हणजे सगळं एकाच ढिगात येत नाही. विंडोज १० मध्येही हे पान कंट्रोल पॅनलमध्ये शिल्लक आहे, नावापुढं कंसात विंडोज ७ असंच लिहिलेलं, आणि ते ७ चे बॅकअप उघडतं. काहीच चाललं नाही तरी आतल्या फायली साध्या झिपमध्ये असतात. संगणकाच्या नावाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'ओपन' म्हटलं की आत शिरता येतं. शोधायला वेळ लागतो, पण मिळतं.

सिस्टीम इमेज कशाला

त्याच संगणकाची हार्ड डिस्क गेली तर नव्या डिस्कवर विंडोज, पेजमेकर, फॉन्ट, प्रिंटर सगळं जसं होतं तसं उतरवायला. नवी डिस्क जुन्याएवढी किंवा मोठी हवी. त्यासाठी संगणक सुरू करायला एक सीडी लागते. ती याच पानावर डावीकडं 'क्रिएट अ सिस्टीम रिपेअर डिस्क'मधून आताच करून ठेवा, नंतर सुरू न होणाऱ्या संगणकावर ती करता येत नाही. ३२ बिटच्या विंडोजला ३२ बिटची, ६४ ला ६४ ची. मी सीडीवर मार्करनं तसं लिहून ठेवलंय.

वेगळ्या कंपनीच्या मदरबोर्डवर मात्र इमेज उतरवून बहुतेक वेळा निळा पडदा मिळतो, म्हणजे विंडोज सुरूच होत नाही. माझ्या मिरजेच्या यंत्राला ती चाललीच नसती. तरीही ती हवी, कारण तिच्यातून एकेक फाइल काढता येते. 'कॉम्प्युटर'वर राइट क्लिक, 'मॅनेज', 'डिस्क मॅनेजमेंट', वरच्या 'अॅक्शन' मेनूत 'अटॅच व्हीएचडी'. इमेजच्या फोल्डरातली मोठी फाइल निवडा आणि 'रीड ओन्ली'वर टिक करायला विसरू नका, इमेज बिघडायला नको. ती एखाद्या ड्राइव्हसारखी उघडते, आत जुन्या यंत्राचं विंडोज, त्यात फॉन्ट. काम झालं की तिथूनच 'डिटॅच'.

वेळापत्रक बंद केल्यावर खालच्या पट्टीतला पांढरा झेंडा कधी कधी बॅकअपबद्दल कुरकुर करतो. 'अॅक्शन सेंटर'मध्ये डावीकडं 'चेंज अॅक्शन सेंटर सेटिंग्ज' उघडून विंडोज बॅकअपपुढची टिक काढा, गप्प बसतो. ज्यांच्या भिंतीवर 'ब' नाही त्यांनी तो कुरकुरू द्यावा.

आता राहिला यूएसबीला लागणारा मराठी सॉफ्टवेअरचा लॉक, म्हणजे पेनड्राइव्हसारखा तुकडा; तो लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही. त्याचा बॅकअप कुठल्याच पानावरून होत नाही. पुरात माझा संगणकाच्या पाठीमागंच लावलेला होता. चिखलातून काढून, धुऊन, आठ दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला आणि तो चालला. आता तो घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असतो. दुकान बंद करताना आधी लॉक काढायचा, मग शटर.